चार नंबरच्या कप्प्याची घंटा

माझी सून एका इस्पितळाचा सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे काय, हे तिला तीनदा विचारून झालं. आता लाज वाटते. एवढं कळलं, की त्या यंत्रात पन्नासेक कामं सारखी चालू असतात, त्यांना ती सर्व्हिस म्हणते. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून त्यांना उठवते-बसवते. घरात मात्र बिचारीचा हुकूम मांजरही ऐकत नाही.

नोकरी तात्पुरती. साहेब म्हणाले होते, "फालतू सर्व्हिस रविवारी पाचच्या आत काढा, मग कायम करतो." म्हणून ती जेवणाच्या टेबलावरच कामाला बसली. समोर मी मटार सोलत होते.

"आई, ही एक बया मरतच नाही!"

"कोण गं?"

"एक सर्व्हिस. बंद केली की गप्प. सर्व्हर पुन्हा सुरू केला की बसली उठून. सुरुवातीच्या यादीतून काढली, तरी तेच. दुसरी एक तिला हाक मारून उठवते."

"जावा असतील."

हसत हसत तिने त्या सर्व्हिसला कुलूपच घातलं. आता कुणीही हाक मारली तरी उठायची नाही. पण तिची एक खोड आहे. फाइल पुसण्याआधी ती सर्व्हिसच्या नोंदी वाचते. वाचता वाचता हसू मावळलं.

ती सर्व्हिस आधीच्या तंत्रज्ञ काकांनी लिहिली होती. शवागारात एकदा मेलेला समजलेला माणूस हलला होता म्हणे. तेव्हा काकांनी प्रत्येक कप्प्यात आतून दाबायचं बटण बसवलं. दाबलं की सर्व्हिसने नोंद करायची आणि वर घंटा वाजवायची. घंटा कधीच बिघडली होती, पण नोंद होत होती. चार वर्षं एकही नोंद नाही. मार्चपासून रोज सव्वातीनला एक, कप्पा चार.

"काका मार्चमध्येच गेले, आई. त्यांना चारमध्येच ठेवलं होतं."

तिने शवागारात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, चार रिकामाच असतो. आम्ही त्यात कुणाला ठेवत नाही." का, ते सांगितलं नाही.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. "काढून टाक," मी म्हटलं, "पक्की नोकरी मिळायची आहे."

"आणि उद्या खरंच कुणी आतून बटण दाबलं तर?"

तिने कुलूप काढलं, सर्व्हिस सुरू केली. सव्वातीनला पडद्यावर एक ओळ उमटली. माझ्या मांडीवरचे मटार घरभर झाले.

पाच वाजता तिने साहेबांना कळवलं, ही सर्व्हिस मी काढणार नाही. दुसऱ्या दिवशी साहेब चिडून स्वतःच खाली शवागारात गेले, तेही नेमके तीननंतर. वर आले ते घामाने भिजलेले. तिथे तर गारठा असतो. कागदावर लिहून खाली सही केली, 'चालू ठेवा. घंटाही दुरुस्त करा.'

"आणि नोकरीचं?" मी विचारलं.

"त्यांचा हात इतका कापत होता, आई, दुसरी सही मागवेना."