रेश्माच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा संशय

या गौरवग्रंथासाठी आलेल्या एका लेखात डॉ. देवस्थळी यांच्या नम्रतेचे उदाहरण दिले आहे: पोटाच्या क्षयाच्या एका रुग्णाला महत्त्वाची सूचना द्यायला ते विसरले आणि तसे त्यांनी कबूल केले. ते विसरले नव्हते. विसरले मी. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

अंबरनाथच्या त्यांच्या बालरुग्णालयात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मी मोजलेला ताप त्यांनी स्वतः पुन्हा मोजला. मला राग आला. पुढे कळले, ते कोणाच्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, स्वतःच्याही.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्स शिवणाऱ्या कारागिराची सात वर्षांची रेश्मा, चार महिने जंतांची औषधे घेऊन आमच्याकडे आली. पोट फुगलेले, हातपाय काड्या, संध्याकाळी ताप. डॉक्टरांनी विचारले, घरात कोण खोकते? कोणीच नाही, असे आईने सांगितले. त्यांना पटले नाही. त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावले. चुलत्याला फुप्फुसाचा क्षय निघाला. रेश्माच्या पोटातले पाणी काढून तपासले आणि सहा महिन्यांचे उपचार सुरू केले.

दुसऱ्या महिन्यात वजन वाढलेले दिसले. मी खुशीत कार्डावर लिहिले. डॉक्टरांनी रेश्माकडे नीट पाहिले. "सिस्टर, हे वजन पोरीचे की पँटचे?"

बापाने कारखान्यातली जाड, नवी जीन्स तिला घातली होती. ती उतरवली, तर वजन मागच्यापेक्षा कमी भरले. गोळ्यांची रिकामी पाकिटे मात्र हिशेबाप्रमाणे भरली. मग त्यांनी सोबत आलेल्या तिच्या आजीला रेश्माच्या लघवीचा रंग विचारला.

"आता साफ आहे. आधी लाल व्हायची, रक्तच ते. गोळ्या मोरीत टाकल्या मी. पोरीला मारायचंय का तुम्हाला?"

या औषधाने लघवी लालसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. हे सांगणे माझे काम होते. ते माझ्याकडून राहिले, हे डॉक्टरांना ठाऊक होते.

"सांगायचं राहिलं, आजी. चूक माझी," ते म्हणाले. मला नंतर एवढेच म्हणाले, की उद्यापासून गोळी तुमच्यासमोर.

पुन्हा तपासण्या झाल्या, औषध पुन्हा सुरू झाले. बदलापूरच्या माझ्या घरून निघून मी रोज आधी कॅम्प तीनला जात असे आणि गोळी गिळल्यावर रेश्माला तोंड उघडायला लावत असे. आजी दारातूनच सांगायची, "आले पोलीस." रेश्मा पूर्ण बरी झाली. आता बारावीत आहे.

पंचाहत्तरीत पाऊल टाकताना डॉक्टर आपली तब्येत उत्तम असल्याचे सांगतात. मला ते पटत नाही; त्यांचा रक्तदाब मी स्वतः मोजणार आहे. तो आणखी पुष्कळ वर्षे मोजायला मिळो, हीच इच्छा.

या लेखासोबत रुग्णालयाकडे सुपूर्द: वजन करताना मुलांना घालायचे सुती झगे, सहा, रेश्माच्या वडिलांनी शिवलेले. लघवीच्या रंगाविषयीची सूचना, मोठ्या अक्षरात, भिंतीवर लावण्यासाठी, एक. सध्याच्या मुख्य परिचारिकेने वाचून, मोजून घेतले.