आत्यानं झडप उघडली नाही

खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या पाणथळीच्या, बांधावरची लोखंडी झडप आमची आत्या सांभाळायची. भरतीचं पाणी किती आत घ्यायचं, ओहोटीला किती सोडायचं, ते तीच ठरवायची. बांधाच्या आतल्या उथळ पाण्यात बोय माशाची पिल्लं वाढत. बाहेर खाडीत मात्र 'पाहुणा' माजला होता.

पाहुणा म्हणजे धाकट्या काकांनी तळ्यात पाळायला आणलेला परका मासा. तळ्यातून निसटला आणि खाडीत ठाण मांडून बसला. त्याला गोडं पाणी चाले, खारंही चाले. चिखलातसुद्धा तग धरे. मादी पिल्लं तोंडात घेऊन हिंडे. तशी एक जरी आत शिरली, तरी बोयांचे बारा वाजले असते.

त्या दुपारी उधाणाला वाऱ्याची साथ मिळाली. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. बांधाबाहेरच्या, खाडीकाठच्या घरातून काका चिखल तुडवत धावत आले.

"ताई, झडप उघड! पाणी आत जाऊ दे, नाहीतर माझं घर गेलं!"

"पाहुणा आत शिरेल."

"मासे गेले खड्ड्यात! आई घरात आहे!"

आजी अंथरुणाला खिळलेली. आत्याचे हात झडपेच्या चाकावर होते. मी शेजारी उभी. वाटलं, आता फिरवणार.

"झडप उघडली तरी पाणी उतरेपर्यंत ती बुडेल," आत्या ओरडली. "उचलून आणू. चल!"

चाकाला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि काकांच्या आधी तीच पाण्यात उतरली.

आम्ही तिघांनी आजीला खाटेसकट उचललं. अर्ध्या वाटेत काकांचा पाय घसरला, खाट कलली. आजीनं आत्याचे केस घट्ट धरले.

"सांभाळा की रे! अजून जिवंत आहे मी!"

बांधावर पोचलो आणि मागे घराची भिंत धाडकन बसली.

काकांनी आत्याशी बोलणं टाकलं. आजी आत्याकडेच राहिली. काका तिला भेटायला येत, तेही आत्या बांधावर गेल्यावर.

पुढच्या हंगामात आत्याच्या जाळ्यात, बांधाच्या आत, एक पाहुणा सापडला. तोंडात टाचणीएवढी पिल्लं. कुठून शिरला, देव जाणे. आत्यानं जाळं पुन्हा टाकलं.

कुणीतरी काकांना सांगितलं. ते खांद्यावर जाळं टाकून आले.

"सरक," एवढंच म्हणाले.

आता दर ओहोटीला दोघं मिळून जाळ्यानं खाजण विंचरतात. पाहुणा संपलेला नाही. बोयही अजून आहेत.