वरच्या मजल्यावरची प्रतलं

मुलीचं गणित पहिलीपासून मीच घेतलं. जामबागच्या शाळेत शिकवून घरी यायचं, उद्याच्या कामांची यादी फ्रिजवर लावायची, कुकर चढवायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत तिची दोन गणितं. ती इंजिनिअरिंगला गेली तरी हे चालूच होतं. त्रिमितीतल्या रेषा आणि प्रतलं आली, तेव्हा साडीच्या खोक्याचा पुठ्ठा म्हणजे प्रतल आणि त्यात सरळ खुपसलेली विणायची सुई म्हणजे लंब, असं मी समजावलं. दोन प्रतलं छेदताना दाखवायची तर पुठ्ठ्याला चीर द्यावी लागायची.

मग ती वर जायला लागली. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ राहतात. जाऊ आयटीत. तिच्या लॅपटॉपवर समीकरण लिहिलं की प्रतल उभं राहतं, हवं तसं फिरवता येतं, दुसरं प्रतल त्यातून अलगद आरपार जातं. हे सगळं मुलगी मला जेवताना सांगायची. काकू असं करते, काकू तसं करते. मी भाजी वाढत राहायचे. तिचं गणित माझ्या हातून जात होतं, आणि ते जावेकडे जात होतं हे जास्त लागत होतं.

एका संध्याकाळी कोथिंबीर मागायच्या निमित्ताने वर गेले. कोथिंबीर घरात भरपूर होती.

दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या. प्रतलावर काढलेला लंब चक्क कललेला दिसत होता. मुलीने कागदावर पुन्हा पडताळून पाहिलं, तर काटकोनच येत होता.

"तिरकं दिसतंय ना? मग तुझंच कुठंतरी चुकलंय," जाऊ तिला म्हणाली.

मी अक्षांवरचे आकडे पाहिले. आडव्या दोन अक्षांवर दहापर्यंत, उभ्यावर चाळीसपर्यंत, आणि लांबी तिन्हींची सारखीच. चित्र चौकटीत मावावं म्हणून सॉफ्टवेअरने उंची दाबली होती.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले. "तिन्ही अक्षांवर एका एककाची लांबी सारखी कर."

जावेने केली. रेषा काटकोनात ताठ उभी राहिली.

"ताई, तुम्ही तर उस्ताद निघालात," म्हणत जाऊ मोकळेपणाने हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, तेही मला खुपलं.

"मम्मी, तू पण वर येत जा ना," मुलगी म्हणाली.

म्हणजे मी आता पाहुणी. नको म्हणणारच होते, पण नको म्हटलं असतं तरी ती काही खाली येणार नव्हती. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि दोघींच्या मधे ठेवून बसले.