भेगेतून ओढलेला दोर

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता मी एका दगडी भिंतीसमोर उभी होते आणि माझं डोकं फिरलं होतं. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग... आणि त्या भेगेला चक्क हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली!

आधी जागा सांगते. आमच्या शहरातल्या पडाव भागातून गाडीने पाऊण तासावर एक लहानशी वस्ती आहे. कधीकाळी तिथे कालव्याच्या पाण्यावर पिठाची चक्की चालायची, आसपासच्या सगळ्या गावांचं दळण तिथे यायचं. आता कालवा कोरडा आहे. उरलंय ते चक्कीघर, त्याला चिकटून धान्याचं गोदाम आणि पाच-सहा घरं. चक्कीघरात हल्ली विजेवरची चक्की चालते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहायला शहरातल्या लष्कर भागात, खासगी बाजार नावाच्या पेठेमागे. पंचायतीने मला एकच प्रश्न विचारला होता... या दोन जुन्या इमारती ठेवायच्या की पाडायच्या? माझ्या रिपोर्टात ‘धोकादायक’ एवढा शब्द पडला की दसऱ्यानंतर जेसीबी येणार होता.

खरं सांगू? शब्द लिहून झाला होता. महिन्यापूर्वी आले तेव्हा इमारतीच्या मागच्या बाजूने त्या भेगेवर मी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून गेले होते. भिंत हलत असेल तर काच तडकते, ही आमची जुनी युक्ती. काच तडकली. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तोही चक्की चालवणाऱ्या जगदाळेकाकांनीच, बिचाऱ्यांनी. सही करण्याआधी एकदा बघून यावं म्हणून मी गेले होते, इतकंच.

जगदाळेकाका सत्तरीचे. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, पुढे कुणाची तरी या चक्कीवर नेमणूक झाली आणि तलवारवाले पीठवाले झाले. मराठी आपलीच, पण हिंदीत चांगली मुरलेली.

“काका, पूजा करून भेग थांबत नाही हो,” मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

ते हसले. “ताई, ही भेग थोडीच आहे? ही तर छोडलेली जागा आहे. भिंती दोन आहेत ना, अलग-अलग. चक्कीची थरथर गोदामात नको जायला, म्हणून.”

मी मान डोलावली, पण विश्वास शून्य! नंतर कुणीतरी वरून प्लास्टर फासलेलं, ते वेडंवाकडं फाटलेलं... मला तर ती साधी भेगच दिसत होती.

मग त्यांनी खुंटीवरून एक जाडजूड, गाठी मारलेला दोर काढला. खंडेनवमीला तलवारीच्या शेजारी त्यांच्याकडे या दोराचीही पूजा होते. छतावरून तो फटीत सोडतात, एक टोक पुढे, एक मागे लोंबतं. पुढून काका, मागून काकू... करवतीसारखा ओढत ओढत तो जमिनीपर्यंत आणायचा. वर्षभराचं पीठ, माती, चिमण्यांच्या काड्या, सगळं भसाभस बाहेर पडलं.

त्यानंतर परीक्षा. गोदामातल्या कोनाड्यात काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी ठेवायची आणि शेजारी चक्की सुरू करून मूठभर गहू दळायचे. वाटीतलं पाणी हलता कामा नये.

पाणी हललं.

काकांचा चेहरा एवढासा झाला. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं... माझं बरोबर निघालं होतं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन इमारतींत गेलं होतं.

“मागून जोर नीट लागला नाही, दोर एका जागी वरूनच सरकला,” काकू खांदा चोळत म्हणाल्या. “माझ्याने होत नाही आता, आणि मुलं दोन्ही इंदौरला. ताई, तुम्ही पकडता का जरा?”

मी ओढणी कमरेला खोचली आणि मागचं टोक धरलं. दोर खाली येता येता मध्येच अडकला. मी सगळा जीव लावून हिसडा दिला आणि टणकन एक गोळा माझ्या पायाशी येऊन पडला.

सिमेंटचा गोळा. त्यात काचेचा तुकडा रुतलेला.

माझंच सिमेंट! पट्टी चिकटवताना मी ते फटीत आतवर दाबलं होतं. एक भिंत थरथरणारी, दुसरी शांत, म्हणून तर काच तडकली होती. आणि ती थरथर गोदामात पोहोचवणारा पूल मीच बांधून गेले होते.

चक्की पुन्हा सुरू झाली. वाटीतलं पाणी आरशासारखं स्तब्ध. मी बाहेर येऊन फटीच्या अलीकडे एक हात ठेवला, पलीकडे दुसरा. डाव्या तळव्याखाली दगड गुणगुणत होता... उजव्या तळव्याखाली काही म्हणजे काही नाही. मध्ये जेमतेम दोन बोटांची पोकळी.

नव्या इमारतीत आम्ही असा जॉइंट कॉम्प्युटरवर हिशेब करून ठेवतो. इथे कुणा गवंड्याने तो ओळंबा आणि अनुभव यांवर ठेवला, आणि या घराने पिढ्यान्पिढ्या तो मोकळा ठेवला. काकूंनी चहा आणून दिला, तो मी तिथेच फटीशी उभ्याने प्यायले.

रिपोर्टातला ‘धोकादायक’ मी तिथेच, काकांच्या पेनने खोडला. शिफारस दोनच ओळींची लिहिली... ही फट कोणीही, कशानेही बुजवू नये. दर खंडेनवमीला दोर ओढावा.

पंचायतीने काल कळवलं, जेसीबी रद्द. सिमेंटचा तो गोळा माझ्या टेबलावर आहे. आणि काकूंचा खांदा दुखतो, म्हणून पुढच्या वर्षीपासून दोराचं मागचं टोक माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता.