लंगडण्याची रंगीत तालीम

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हा किस्सा सांगताना आमच्या एका शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा दोष माझ्यावर आला. तसा मूर्खपणा सगळेच करतात हो. पण आदल्या दिवशी सराव करून, आईला कामाला लावून, पाहुण्याला दोनदा वाढून केलेला मूर्खपणा आमच्या वाडीत तरी दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिशीतला. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं घर, पुढे वाळूची पुळण, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या. सगळी वाडी मासेमारीवर जगायची. मी मात्र होडीत पाय टाकू शकत नव्हतो, कारण माझा डावा गुडघा वाकतच नाही. मी आपला ओटीवर पाय लांब करून इतरांची जाळी सांधायचो.

गुडघा लढाईत गेला. लढाई म्हटलं की लोकांना वाटतं, गोळी लागली असेल. कसली गोळी? ब्रह्मदेशात कांद्याच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून चाललो होतो. वळणावर ट्रक उलटला, मी खाली आणि कांदे वर. पण सरकार भलं. कामावर असताना जायबंदी झाला म्हणजे झाला, मग गोळी असो की कांदा. मला अपंगत्वाची पेन्शन मिळायला लागली. वडील गेल्यावर घरात आई, मी आणि धाकटी बहीण शालन, तिघांची चूल त्या पेन्शनीवर पेटायची.

आणि अशात बातमी आली की सगळ्या जुन्या पेन्शनी नव्याने तपासणार. डॉक्टर गावोगाव फिरणार, ज्याचं दुखणं बरं झालं असेल त्याची पेन्शन बंद.

आमच्या किनाऱ्यावर लढाईतून आलेले काय कमी होते? चहाच्या हॉटेलात रोज आमची सभा भरायला लागली. कुणी म्हणे, सायकल चालवणाऱ्याची पेन्शन जाणार. कुणी म्हणे, डॉक्टर अचानक कुत्रं अंगावर सोडतो आणि कोण पळतंय ते बघतो. सगळ्यात जास्त घाबरला होता तो आमचा हवालदार भिकाजी. त्याचा उजवा हात खांद्यापासून गेलेला.

"भिकाजी, तुका रे कसली भीती?" मी म्हटलं.

"मगे बघूक कित्याक येतत? हात परत फुटलो काय म्हणान?"

मग भिकाजीने माझ्याकडे मोर्चा वळवला. "जगू, माझा ऱ्हवांदे. तुझा कठीण आसा. जरा चलान दाखय."

मी चालून दाखवलं.

"ह्या काय लंगडणा?" तो म्हणाला. "सरकाराक दिसाक होया. कंबर मोड, दात खा, अधीमधी आये गो म्हण."

झालं. हॉटेलच्या मागच्या पुळणीवर भिकाजीने मला परेडसारखं लंगडायला शिकवलं. दोन पावलं, कंबर खाली, कण्हणं, मग भिंत धरणं. मूळचा लंगडा माणूस मी, आणि लंगडण्याची तालीम करतोय. आजही आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि भिकाजी आता नाही म्हणून वाईटही वाटतं. डॉक्टर बुधवारी येणार असं कळलं होतं. दाढी वाढवायची, असंही ठरलं होतं.

पण दाढी करावी लागली. कारण मंगळवारी शालनला बघायला मुलाचे मामा येणार होते.

स्थळ चांगलं होतं. मुलगा शाळामास्तर, वडील नाहीत, मामांनीच वाढवलेला. मामा म्हणतील ती पूर्व दिशा. फक्त मध्यस्थ आईच्या कानात एक सांगून गेला होता, "तेंका कळला हा की भाऊस अपंग आसा. मामा इचारी होते, उद्या त्याचा कोणी करूचा? आमच्या भाच्यान?"

हे ऐकून आई त्या रात्री जेवली नाही. शालनचं नेहमीचं गुणगुणणं थांबलं. माझ्या पायापायी तिचं लग्न मोडणार, हे माझ्या काळजात रुतलं. मी ठरवलं, मंगळवारी मामांपुढे माझ्याइतका धडधाकट माणूस पंचक्रोशीत दुसरा दिसता कामा नये. बुधवारी डॉक्टरपुढे माझ्याइतका खचलेला माणूस दुसरा दिसता कामा नये. एका दिवसाचं अंतर होतं. काय कठीण होतं सांगा?

मंगळवारी सकाळी गुळगुळीत दाढी करून, केसांना तेल लावून मी ओटीवर बसलो. एवढ्यात बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, छत्री, हातात चामड्याची बॅग. माझं नाव घेऊन हेच घर का, म्हणून शुद्ध मराठीत विचारलं. मी म्हटलं, हेच. बॅगेत शालनसाठी काहीतरी आणलेलं दिसतंय, असंही मनात म्हटलं.

"मी खरं तर—" ते सांगायला लागले.

"आधी पाणी घेवा, पावण्यानू," आईने तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. "उन्हातून इलास. कामाचा काय ता मागीर."

आता तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक आहे. दारात आलेल्याला 'कोण तुम्ही, काय काम' असं विचारणं म्हणजे त्याला हाकलण्यासारखं. पाणी, चहा, खाणं झाल्यावर तो आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं. आमच्या बापजाद्यांनी ही रीत पाळली आणि त्यात त्यांचं कधी नुकसान झालं नाही. माझं होणार होतं.

पाणी पिऊन पाहुण्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"पाय कसा आहे?"

म्हटलं, मामा थेट मुद्द्यावर आले. मग स्वतःलाच बजावलं, जगू, आता घाबरायचं नाही.

"पाय? पायाला काय धाड भरलीय, मामा?" मी ओटीवरून टुणकन उतरायचा प्रयत्न केला. टुणकन नाही जमलं, पण उतरलो.

वयस्क माणसाला आम्ही सरसकट मामा म्हणतो, त्यामुळे त्यांनी काही हरकत घेतली नाही. भुवया मात्र वर गेल्या. "दुखत नाही?"

"कधीच नाही. रोज पहाटे होडीवर जातो. परवाच या पायावर उभं राहून एकट्याने सुरमईंनी भरलेलं जाळं ओढलं."

माझ्या पाठीमागे आईच्या हातातलं भांडं पडलं.

"पण तुम्हाला तर अपंगत्वाची पेन्शन आहे," पाहुणे म्हणाले.

बघा, इथे शहाण्या माणसाला शंका आली असती. मला फक्त राग आला, मध्यस्थाचा. मेल्याने पेन्शनीचंही सांगून टाकलं होतं. आता पेन्शन आहे म्हणजे पाय गेलेला आहे, हा हिशेब मोडायचा कसा? आणि मोडला मी. असा मोडला की काय सांगू.

"त्याचं काय आहे मामा," मी आवाज खाली आणला, "ते सगळं ढोंग. सरकार देतंय, आपण घेतोय. आता उद्याच एक डॉक्टर यायचाय तपासायला. त्याच्यापुढे जरा लंगडायचं, कण्हायचं. त्याला काय कळतंय?"

"अच्छा," पाहुणे म्हणाले आणि नीट मांडी घालून बसले. "कसं लंगडणार? दाखवा बरं."

दाखवलं. अहो, भिकाजीने शिकवलेलं सगळं दाखवलं. दोन पावलं, कंबर खाली, आये गो, मग खांब धरला. पाहुणे इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, सोयरीक जुळली.

"आणि खरं कसं चालता?" त्यांनी विचारलं.

मी अंगणाच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. छाती पुढे, मान ताठ, जमेल तितकं सरळ, जमेल तितकं भराभर. घाम फुटला, पण चेहऱ्यावरचं हसू सोडलं नाही. या खेपेला पाहुणे हसले नाहीत. माझ्या पायाकडे बघत राहिले. मला वाटलं, अजून खात्री पटलेली दिसत नाही.

तेवढ्यात आईने मामांसाठी खास केलेले शिरवाळे आणले, म्हणजे तांदळाच्या गरम शेवया, नारळाच्या गोड रसात. पाहुण्यांनी आवडीने खाल्ले, पुन्हा मागून घेतले. शालन पाणी ठेवून, नमस्कार करून गेली. पाहुणे नुसतं "बस गो बाय" असंही म्हणाले नाहीत. मुलीला एक प्रश्न नाही. सगळं लक्ष माझ्या गुडघ्यावर. माझा धीर सुटायला लागला. हे स्थळ हातचं जातंय, असं वाटलं आणि मी शेवटचा डाव टाकला.

"शहाळं घेणार ना मामा? आता काढतो."

"अहो, नको, नको—"

पण मी अंगणाच्या कडेच्या ठेंगण्या माडाशी पोचलो होतो. माडाला खाचा पाडलेल्या होत्या. लढाईआधी मी त्याच माडावर डोळे मिटून चढायचो. उजवा पाय खाचेत, दोन्ही हातांची मिठी, आणि डावा पाय बाहेर काठीसारखा सरळ. असा पुरुषभर उंच गेलो. आणि अडकलो. वर जाता येईना, खाली येता येईना. तशातही मी, छत्री घेऊन माडाखाली धावत आलेल्या पाहुण्यांकडे बघून म्हटलं, "वरून समुद्र छान दिसतो, मामा."

तेव्हा माजघरातून शालन बाहेर आली. बघायला आलेल्या पाहुण्यासमोर मान वर करायची नाही, असं शिकवलेली माझी बहीण. पदर खोचून सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामानू, मी पसंत नाय तर नाय म्हणान सांगा. माका कायएक वाटाचा नाय. पण माझ्या दादाक झाडार चढवू नकात. त्याचो पाय वाकणा नाय. रोज सांजेक मी शेकतंय तो. तुमका सांगल्यान ता सगळा खोटा. माझ्यासाठी खोटा बोलता तो."

आई डोळ्यांना पदर लावून उभी. पाहुणे गोंधळून शालनकडे, मग माझ्याकडे बघायला लागले.

"पसंत? कोणाला पसंत?" ते म्हणाले. "मी पेन्शनच्या तपासणीचा डॉक्टर. पलीकडच्या गावातलं काम लवकर आटपलं, म्हणून आजच आलो."

मी काय केलं असेल? माडाला आणखी घट्ट मिठी मारली. खाली उतरायची इच्छाच संपली. जन्मभर तिथेच राहावं, वर शहाळी आहेत, भागेल, असं वाटलं. पण हातांना ते पटलं नाही. मी सालपटत खाली आलो, थेट डॉक्टरांच्या छत्रीवर.

त्यांनी मला तिथेच उताणा ठेवला, धोतर वर केलं आणि गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. वाकवून बघितला. मी ओरडलो. भिकाजीने शिकवलेलं नव्हतं ते, आपसूक आलं.

"सुरुवातीलाच सांगणार होतो मी कोण ते," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

"साहेब, पेन्शन गेली ना?" मी विचारलं. "माझं राहू दे, पण आईकडे बघा. खोटं मी बोललो, तिने नाही."

ते काही बोलणार, इतक्यात वईच्या कुंपणापलीकडून खाकरण्याचा आवाज आला. काळी टोपी, गुडघ्यापर्यंतचं धोतर, हातात चपला, असे एक म्हातारबाबा तिथे उभे होते. कधीपासून, कोण जाणे. हे खरे मामा. मोटार चुकली म्हणून चालत आलेले. मी जमिनीवर पडल्यापडल्या हात जोडले. आता सजवून सांगायला अंगात बळ नव्हतं आणि डोक्यातही काही उरलं नव्हतं.

"मामानू, माझो पाय गेलेलो आसा," मी म्हटलं. "पण मी शालनच्या घराक कधी भार होवचंय नाय."

मामा आत आले आणि ओटीच्या कडेला टेकले. "तुझ्या पायाक बघूक मी इलंय नाय रे," ते म्हणाले. "चेडवाक बघूक इलंय. बघलंय. मामाक असा तोंडार सांगणारी पोर आमच्या घरात होयीच होती. आमका सगळे भितत, माझा डोक्या फिरला हा तेणी." मग आईकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे पावण्याक काय खावक मिळता की सगळा डाक्टरानच खाल्ल्यान?"

आई रडत हसत आत पळाली. शिरवाळे उरले नव्हते. मामांना पेजेवर आणि सुक्या बांगड्यावर भागवावं लागलं, आणि ते डॉक्टरांच्या शेजारी बसून मिटक्या मारत जेवले. असे पाहुणे आता येत नाहीत हो. आले तरी आधी कळवून येतात आणि शिरवाळे बाहेरून मागवावे लागतात. शालनचं लग्न त्याच वर्षी झालं. आता तिला नातवंडं आहेत. तिच्याकडे गेलो की अजूनही संध्याकाळी तेलाची वाटी गरम करून घेऊन येते, नको म्हटलं तरी. मग मी पाय पुढे करतो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हसतो.

पण त्या दिवसाचं राहिलंच. जेवण झाल्यावर डॉक्टर मोडकी छत्री काखेत मारून निघाले. मी त्यांच्यामागे बेड्यापर्यंत गेलो, आपल्या नेहमीच्या चालीने.

"साहेब, तेवढं पेन्शनीचं..."

डॉक्टर थांबले. "तुम्ही लंगडून दाखवलंत तेव्हा मला काडीचा विश्वास बसला नाही. सरळ चालून दाखवलंत तेव्हा बसला. पायाची पेन्शन चालू राहील."

मी वाकून त्यांचे पाय धरायला गेलो. वाकता येईना, तर त्यांनीच माझा खांदा धरला आणि माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं.

"डोक्याची मात्र मिळणार नाही," ते म्हणाले. "लढाईत बिघडलेल्या अवयवाचीच सरकार भरपाई देतं. हा बिघाड भरतीच्या आधीचा दिसतोय."