साखऱ्याची उघडी मोटार

तो गुन्हा आठवला की आजही माझी मान ताठ होते, आणि त्याचा तपास करणारी तेव्हाची मी आठवले की हसू आवरत नाही. हिंगोली जिल्ह्यात फौजदार म्हणून नवी नेमणूक, डोळ्यांवर काळा चष्मा, चालणं असं की समोरून म्हैस आली तरी तिनंच बाजूला व्हावं. म्हशी बाजूला होत नसत, ती गोष्ट वेगळी.

साखरा गावच्या एक मावशी ठाण्यात आल्या. घरचा धंदा शेळ्या-मेंढ्यांचा. म्हणाल्या, माझी मोटार परत मिळवून द्या. ठाणे अंमलदारानं आधी पाणी दिलं, मग विचारलं, कसली मोटार? तर निजामाच्या काळातली, कापडी छत मागं पडणारी. मूळ एका जहागीरदाराची, मग जिनिंगवाल्याची. त्याच्याकडून मावशींच्या सासऱ्यांनी ती वरातींना भाड्यानं द्यायला विकत घेतली. सासरे गेले, मोटार गोठ्यात थांबली, तिच्यात शेळ्या व्यायल्या. पुढे हिंगोलीच्या एका हौशी कारागिरानं दुरुस्त करून देतो म्हणून नेली. ती चकाचक झाल्यावर मात्र तो म्हणू लागला, तुमची भंगारात गेली, ही मी हैदराबादहून आणली. त्याच्याकडे दुसऱ्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचे कागद होते आणि चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, तिचीच नंबरपट्टी. मावशींकडे कागदाचा कपटा नव्हता. गावात लोक हसत, शेळ्या राखणारीला मोटारीची स्वप्नं पडतात म्हणत.

मग एका बँडवाल्यानं खबर दिली, गाडी उद्या गिऱ्हाइकाकडे चालली. आम्ही विश्वासघाताचा गुन्हा नोंदवून ती जप्त केली.

मावशींचा जबाब मी स्वतः लिहिला. ओळखीची काही खूण?

"एडक्यानं टक्कर देऊन डाव्या अंगाचं दार उंबऱ्यासकट मोडलं होतं. सुतारानं बाभळीचा नवा उंबरा बसवला. तो म्हणे, चौकट हाय, पूजा केल्याबिगर बसवणार न्हाई. मग सासऱ्याच्या लाल पटक्याचा तुकडा फाडून त्यात हळकुंड-सुपारी बांधली अन् खाली ठेवली. हळदकुंकू मीच वाहिलं."

हे आधी का नाही सांगितलं, मी विचारलं.

"काहून सांगू? कुणी इचारलंच न्हाई."

आता कारागिराची चौकशी. मी आवाज जाड करून टेबलावर मूठ आपटली आणि चहा माझ्याच वर्दीवर सांडला. आरोपीनं अदबीनं रुमाल पुढे केला. तेव्हा कुठे मला अक्कल आली आणि मी गाडीचं कौतुक सुरू केलं. हौशी माणूस धमकीला गप्प बसतो, कौतुकाला मात्र भडाभडा बोलतो. रंग, चामडं, छत, सगळ्यांवर तो खुलत गेला. दारांच्या चौकटींचं जुनं लाकूड बदलावं लागलं असेल, मी हळूच म्हटलं.

"न्हाई मॅडम. लाकूड विलायतेच्या कारखान्यातलं, जसंच्या तसं. एक खुंटी हलवली न्हाई."

शब्दशः लिहून त्याची सही घेतली.

पंचांसमोर डाव्या दाराचा उंबरा उघडला. रंगाखाली बाभूळ निघाली. तिच्याखाली विटलेलं लाल कापड, आत हळकुंड आणि सुपारी.

"विलायतेच्या कारखान्यात हळकुंड कोण ठेवतं हो?" मी विचारलं.

 फळी घट्ट होती म्हणून वरूनच घासून रंगवली, नंबरपट्टी मीच बदलली, सगळं त्यानं कबूल केलं.

पुढे बरेच गुन्हे उलगडले, पण तपास कसा करायचा ते मी इथं शिकले. तो गाडीची थोरवी सांगत होता, मावशी तिची मोडतोड सांगत होत्या. नंतर मालकीचा कुठलाही वाद आला की मी दोन्ही पक्षांना पहिला प्रश्न एकच विचारी: ही वस्तू कधी मोडली होती?

कोर्टाच्या आदेशानं मोटार मावशींच्या ताब्यात दिली. मागच्या सीटवर त्या पदर सावरून बसल्या. गाडी पोचवायला निघालेल्या हवालदारानं विचारलं, मावशी, ऊन लई हाय, छत लावू का?

"नको लेकरा. अन् गावात शिरल्यावर हळू चालव. पारावर समदे बसलेले असतील, बराबर दिसू दे त्यांला."