डावीकडची सीट

चंपतराव गावंडे हा माणूस पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाही. मलाही बरीच वर्षं लागली. नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. दर हंगामाआधी ते नागपूरला यायचे, माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर जीप आडवी लावायचे आणि भाव विचारायच्या आधीच म्हणायचे, "लुटून राहिले तुम्ही लोक, गिरिधर." मीही कमी नाही. त्यांच्यासाठी किंमत आधीच जरा वाढवून सांगायचो.

माझ्या शेजारी दीक्षा मेश्रामचं गाड्यांच्या कमानींचं, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचं वर्कशॉप आहे. संत्र्याच्या पेट्यांनी जीप मागे दबू नये म्हणून तिच्या वडिलांनीच चंपतरावांच्या कमानींत ज्यादा पाटे टाकून दिले होते. जीप कधी दबली नाही, हे मान्य. पण रिकामी असली की बैलगाडीसुद्धा बरी, अशी आदळायची.

मागच्या वर्षी चंपतराव आले आणि भाव करायचं विसरले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं," ते दीक्षाला म्हणाले. "डॉक्टर म्हणते धक्का नाही लागला पाहिजे. दोन वर्षांपासून बगीचा नाही पाहिला तिनं. अन् आता म्हणते, त्या जीपमंदी मी मरेपर्यंत बसत नाही."

बाग नाल्याच्या पलीकडे. नाल्याचा उतार असा की धडधाकट माणसानंही पायी उतरताना जपावं. तिथली निम्म्याहून जास्त झाडं चंपतरावांच्या बायकोनं, म्हणजे वच्छलाकाकूंनी हातानं लावलेली, डोक्यावरून पाणी नेऊन जगवलेली. चंपतराव बाजार बघायचे, बाग काकूंची होती. ती बाग आता त्यांना नवऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती, आणि चंपतराव झाडांबद्दल काय सांगणार? फार तर पेट्या किती निघाल्या ते सांगणार.

"मंग अजून एक पाटा टाकून दे मजबूत," चंपतराव म्हणाले.

"टाकाचा नाही काका, काढा लागते," दीक्षा म्हणाली. "खड्ड्यात चाक उतरलं पाहिजे, जीप नाही. तुमचं चाक उतरतच नाही, म्हणून सगळी जीप उतरते. पण पाटे काढले तर माल नेता येणार नाही. एक काहीतरी सोडा."

मला वाटलं, आता घासाघीस सुरू होणार. "माल ट्रॅक्टरनं काढीन," एवढंच ते म्हणाले.

दीक्षानं वडिलांनी टाकलेले ज्यादा पाटे उतरवले. माझ्याकडून लांब शॉकअप घेतले. चाक खाली जाईल तेव्हा ब्रेकचा पाइप ताणून तुटू नये म्हणून तोही लांब घातला. चाक वर आदळलं की धक्का झेलणारे जुने रबरी ठोकळे काढताना तिला दिसलं की उजवीकडचा जवळजवळ नवा आहे आणि डावीकडचा ठेचून ठेचून चपटा झालाय. "माल डावीकडंच भरत होते का काका?" तिनं विचारलं. चंपतरावांना राग आला. "दोन्हीकडं सारखा भरतो मी." आम्ही ते तिथंच सोडून दिलं.

शेवटी, चाकं आता किती खालीवर होतात ते दाखवायला तिनं जीपचं पुढचं एक चाक लाकडी ठोकळ्यांच्या ढिगावर चढवलं. बाकी तिन्ही चाकं जमिनीला चिकटलेली. चंपतराव खाली वाकून एकेक चाक बघून आले.

चाचणी मात्र बागेकडच्या नाल्यातच घ्यायची ठरली. दीक्षा चालवणार. "बायकोच्या जागी आधी मी बसून पाहतो," म्हणून चंपतराव डावीकडे बसले. मागे मी, कारण "शॉकअप तुह्ये हायेत, काही झालं तर तुलेच धरीन."

नाल्यात सगळे गोटे आणि खड्डे, आणि मधून वाळूचा एक अरुंद पट्टा, जेमतेम एका चाकापुरता. जीप उतरली. चाकं खड्ड्यात शिरत होती, गोट्यांवर चढत होती, आणि आम्ही वर बऱ्यापैकी शांत बसलो होतो. मी खूश होऊन काहीतरी बोलणार, तोच चंपतराव म्हणाले, "थांबव."

त्यांचं लक्ष दीक्षाच्या हातांकडे होतं.

"तू काहून तुह्यंच चाक वाळूवर ठेवून राहिली? सगळे गोटे माह्या बाजूनं येऊन राहिले."

दीक्षा गोंधळली. "मुद्दाम नाही काका. हात आपोआप जाते. आपल्याखालचं चाक समजते, तिकडचं समजत नाही. सगळेच असं चालवते."

चंपतराव खाली उतरले आणि नाल्यातच एका दगडावर बसले. मी जवळ गेलो.

"मी बी असाच चालवत आलो," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून ती या बाजूनं बसली. म्हणे, लई आदळते. मी म्हणत होतो, मले तर काही होत नाही."

मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त त्या काकूंसाठी जीव तुटला.

तिथून आम्ही त्यांच्या घरी गेलो. आत नवरा-बायकोचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आवाज चढले नाहीत. थोड्या वेळानं कमरेला पट्टा बांधलेल्या वच्छलाकाकू बाहेर आल्या आणि डावीकडे बसल्या. समोरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. स्टिअरिंगवर चंपतराव. दीक्षा आणि मी मागे.

नाला आला. चंपतरावांनी जीप अगदी हळू उजवीकडे घेतली. त्यांच्या खालचं चाक गोट्यांत शिरलं, खड्ड्यात गेलं, वर आलं. जीप त्यांच्या बाजूला कलली. त्यांचा खांदा दाराला लागला.

"काहून जी तिकडून घेऊन राहिले?" काकू म्हणाल्या. "गोटे तुमच्या बाजूनं येऊन राहिले."

"येऊ दे."

काकूंनी दांडा तसाच धरून ठेवला होता. मग त्यांनी सावकाश वाकून बाहेर, आपल्या चाकाखाली बघितलं.

"इथं वाळू बी होती का जी?"

"होती," चंपतराव म्हणाले.